इनोची गोष्ट शाळेत बसवताना

नाव ऐकताच पोरं हसतील, कारण घरोघरी पित्तावर घेतात ती पुडी त्यांना ठाऊक असते. हसून झालं की सांगा: ही ग्रीक पुराणकथेतली, थीब्ज नगराच्या कॅडमस राजाची मुलगी.

सुरुवात समुद्रापासून करू नका. मराठवाड्यात दुबार पेरणी घराघरात माहीत आहे, तिथूनच शिरा. राजा अथामसनं पहिली बायको नेफेली हिला सोडून इनोशी लग्न केलं. नेफेली म्हणजे ढग; इथं एवढं सांगितलं तरी पुरतं. सावत्र मुलांचा काटा काढायला इनोनं पेरणीचं बियाणं भाजवलं. उगवलं काहीच नाही. मग डेल्फीच्या देवळात कौल विचारायला गेलेल्यांना फितवून तिनं 'फ्रिक्ससचा बळी द्या' असा निरोप आणवला; फ्रिक्सस म्हणजे तिचा सावत्र मुलगा.

हे दाखवायला चार दिवस आधी घरच्या ज्वारीचे वीस-वीस दाण्यांचे दोन वाटे करा. पिशवीतलं रंगीत बियाणं नको, त्याला औषध चोळलेलं असतं. एक वाटा मंद आचेवर भाजा, पण लाही फुटायच्या आत उतरवा. रंग बदलला तर गंमत गेली; शेतकऱ्यांना फसवणूक दिसली नाही, हाच तर मुद्दा. दोन्ही वाटे रात्रभर भिजवून ओल्या गोणपाटात वेगवेगळे गुंडाळा, सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. पाणी साचलं तर कच्चे दाणेही कुजतात, मग सगळी गोष्टच खोटी पडते. चौथ्या दिवशी गोणपाट वर्गासमोर उलगडा.

बळी द्यायच्या वेळी सोनेरी मेंढा येऊन फ्रिक्सस आणि त्याची बहीण हेली यांना घेऊन उडतो, हेली वाटेत समुद्रात पडते, हे दोन वाक्यांत संपवा. पुढं इनो बहिणीचं लेकरू डायोनायसस सांभाळते म्हणून देवांची राणी हेरा कोपते, वेडावलेला अथामस त्यांच्या मुलाला, लिआर्कसला मारतो आणि इनो दुसऱ्या मुलाला, मेलिसर्टीसला घेऊन कड्यावरून समुद्रात उडी घेते. उडी दाखवू नका. आपल्याकडं विहिरीची आठवण कुणाच्या घरात असेल, सांगता येत नाही. निळी साडी दोघांनी आडवी धरावी, इनो साडीमागं जावी आणि पांढऱ्या पातळात बाहेर यावी: ल्यूकोथीआ, पांढरी देवी. मुलगा मेलिसर्टीस पॅलेमन नावाचा समुद्रदेव होतो.

शेवटी ओडिसिअस, ट्रॉयच्या युद्धातून घरी परतणारा वीर. त्याचा तराफा फुटत असताना ल्यूकोथीआ समुद्रपक्ष्यासारखी येते आणि शेला देते. तो छातीखाली बांधायचा, एकच सैल गाठ; घट्ट बसली की पोरगं रंगमंचावर झगडत बसतं. किनारा लागला की शेला पाठमोऱ्यानं समुद्रात फेकायचा. मागं वळून बघायचं नाही, आणि नेमकं तेच तालमीत दरवेळी होतं.