दोन प्रणालींच्या संगणकाचे बूट (सुरू होण्याची प्रक्रिया) दुरुस्त करण्यापूर्वीची तयारी

घरच्या संगणकावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही असतील आणि त्यांपैकी एक सुरू होईनासे झाले, तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरण्यापूर्वी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी, हे सांगायला नकोच.

‘मी बिटलॉकर लावलेलेच नाही’ हे उत्तर चालणार नाही; मागच्या खेपेस मीही तेच धरून चाललो आणि सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमने संगणक सुरू होऊ न देणारी बायोसमधील सोय) बंद करताच निळा पडदा की मागू लागला. विंडोज ११ असलेल्या अनेक संगणकांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचेच सोपे रूप) आपोआप लागू होते आणि की त्या खात्यात साठवली जाते. ते खाते घरातील दुसऱ्याच कोणाचे असेल आणि ओटीपी बंद पडलेल्या मोबाइल क्रमांकावर जात असेल, तर ही गोष्ट आजच कळलेली बरी. खात्यात अनेक की असू शकतात, म्हणून प्रत्येकीसमोरचा आयडीही लिहून घ्यावा. विंडोज सुरू होत असल्यास बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे, पण कागद तरीही हवाच. त्याच संगणकात साठवलेली की न साठवल्यासारखीच आहे.

उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू थेट चालते असा) संगणक धड असतानाच करून ठेवावा. १६ जीबीचा पुरतो. दुसऱ्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर असावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची संगणकाची बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात आणि आपल्याला दुरुस्तीची उसंत नेमकी रविवारीच मिळते, तेव्हा खरेदी आधी उरकावी. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसल्यास ‘यूईएफआय’ (बायोसची नवी पद्धत) असे लिहिलेली नोंद निवडावी, अन्यथा ग्रब (कोणती प्रणाली सुरू करायची हे विचारणारा उबुंटूचा प्रोग्रॅम) चुकीच्या पद्धतीने बसवला जाण्याचा धोका असतो.

विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही (‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र होते, हा उफराटा कारभार लक्षात ठेवावा) आणि मग लिनक्सला विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) सुरक्षितपणे लिहिता येत नाही. पावसाळ्यात वीज जाते; डेस्कटॉपला यूपीएस जोडावा.

आता बिघाड नेमका कोठे आहे ते पाहावे. ग्रबचा मेनू न येता थेट विंडोज सुरू होत असेल, तर पुष्कळदा केवळ बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये उबुंटू वर आणावे, टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडूही नये. मेनू येतो पण त्यात विंडोज नाही, याचे कारण बहुधा २०२१ च्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरील इतर प्रणाली शोधणारा प्रोग्रॅम) मुळातच बंद ठेवलेला असतो, हे असते. तो सेटिंगमध्ये चालू करून ग्रब अद्ययावत करावा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही संगणकांवर लिनक्स सुरू होताना ‘एसबॅट’विषयीचा (जुने, असुरक्षित बूट प्रोग्रॅम रोखणाऱ्या व्यवस्थेचा) सुरक्षा संदेश येऊन सगळे थांबले, तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरते बंद करण्याची वेळ आली, तसे करण्याआधी काय हवे? की. कागदावर.

मेनूऐवजी ‘ग्रब रेस्क्यू’ असे लिहिलेला पडदा आल्यास लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवावा; एफी पार्टिशन (दोन्ही प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरील भाग) कोणत्याही परिस्थितीत फॉरमॅट करू नये. शेवटी विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसल्यास घाबरू नये, उबुंटूला स्थानिक वेळ वापरण्यास सांगावे. आणि दोन्ही प्रणाली सुरू झाल्या म्हणून तो कागद फाडू नये. पुढच्या बायोस अपडेटला विंडोज की पुन्हा मागू शकते.