मोठे सर, धाकटे सर: कबड्डी संघ सांभाळताना या चुका टाळा

दिवाळी सरली की आमच्या सांगली जिल्ह्यात कबड्डीच्या स्पर्धांना ऊत येतो. पलूस, वाळवा, तासगाव, कुठल्याही गावात संध्याकाळी मैदानावर जा. शिट्टी गळ्यात अडकवलेले मोठे सर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, दिसतात आणि रेषेपाशी उभे असलेले धाकटे सर, म्हणजे त्यांचे सहायक. पोरं याच नावांनी हाक मारतात. धाकटे सर बहुतेक वेळा त्याच संघातून खेळून मोकळे झालेले. मी नऊ वर्षं धाकटा सर होतो, आता अकरा वर्षं मोठा आहे. पोरं कमी पडली म्हणून हरलेले संघ पाहिलेत, पण आमची दोघांची कामं नीट वाटलेली नव्हती म्हणून हरलेले त्याहून जास्त पाहिलेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टाइम-आउटमध्ये दोघांनी बोलणं. टाइम-आउट असतो 30 सेकंदांचा. धापा टाकणाऱ्या पोराच्या डोक्यात तेवढ्या वेळात एकच गोष्ट शिरते. तरी दर स्पर्धेत बघतो, एक सर उजवीकडून सांगतायत, दुसरे डावीकडून, आणि मंडळाचे अध्यक्ष मागून.

काही वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. आम्ही 28–26 असे पुढे, शेवटचं दीड मिनिट, मॅटवर आमचे तिघेच उरलेले आणि समोरच्यांची सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई. म्हणजे त्या रेडरला गुण आणावाच लागणार, नाहीतर तो बाद. मी टाइम-आउट घेऊन सांगितलं, "कुणी अंगावर जायचं नाही. मागं सरका, वेळ काढा." त्याच वेळी धाकट्या सरांनी डाव्या कोपऱ्याच्या पोराला बाजूला घेतलं. "ह्यो दमला की डावीकडंच पाय टाकतोय. टाकला की घोटा धर."

दोघांचंही बरोबर होतं. तिघे असताना पकड झाली तर अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो, आणि त्या रेडरची सवय धाकट्या सरांनी सामना सुरू झाल्यापासून टिपलेली होती. पण डावा कोपरा घोट्यावर झेपावला आणि त्याच्या शेजारचा कव्हर माझं ऐकून मागं सरकला. सोबती एकटा अडकलेला बघून तो उशिरा धावला. रेडर दोघांना घेऊन मध्यरेषेपार गेला. 28–28. उरलेला एकटा चढाईला गेला, सापडला, वर लोण, म्हणजे सगळा संघ बाद झाल्याचे दोन जादा गुण. 31–28.

परतीच्या एसटीत मंडळाच्या लोकांसमोर मी म्हणालो, "ह्यांना मधेच बोलायची काय गरज होती?" त्या दिवसातली सगळ्यात वाईट चूक ती होती. कारण मध्यंतरात ते मला त्या डाव्या पायाचंच सांगायला आले होते आणि मी "नंतर, नंतर" करून त्यांना वाटेला लावलं होतं. एसटीत ते गप्प बसले. पुढचा अख्खा हंगाम मैदानाकडं फिरकले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, मग सगळ्या पोरांसमोर माझी चूक बोलून दाखवली, तेव्हा परत आले.

तेव्हापासून माझी रीत अशी: टाइम-आउटचे पहिले दहा सेकंद पोरांशी कुणी बोलायचं नाही, त्यांनी पाणी प्यायचं. तेवढ्यात धाकटे सर वहीत बघून मला एकच गोष्ट सांगतात. मग आमच्यातला एकच जण बोलतो. चढाईचं असेल तर मी, पकडीचं असेल तर ते, आणि त्या वेळी मी तोंड उघडत नाही. दहा सेकंद वाया जातात असं बऱ्याच प्रशिक्षकांना वाटतं. मला नाही वाटत. मध्यंतराची पहिली दोन मिनिटंही त्यांचीच.

दुसरी चूक गुणफलकावर दिसत नाही, पण संघ आतून पोखरते. सातातून वगळलेला पोरगा रडवेला होऊन धाकट्या सरांकडं जातो. ते प्रेमापोटी म्हणतात, "माझ्या मनात तूच होतास रे, पण मोठे सर ऐकत नाहीत." चार दिवसांत संघाचे दोन गट पडतात. हे मी स्वतः केलंय, धाकटा होतो तेव्हा. पोराला दिलासा मिळाला असं मला वाटलं होतं, त्याला मिळाली ती सराव टाळायची सबब. उलटंही घडतं. मोठे सर म्हणतात, "तुझा दम कमी पडतोय असं धाकट्या सरांचं म्हणणं आहे," आणि स्वतः मोकळे होतात.

आमच्याकडं आदल्या रात्री शाळेच्या कट्ट्यावर चहा घेऊन दोघं हवं तेवढं भांडतो. सात नावं ठरली की ती दोघांची. वगळलेल्या पोराला दोघं मिळून भेटतो, कारण सांगतो, आणि काय सुधारायचं तेही.

तिसरी गोष्ट मला कृष्णेनं शिकवली. ऑगस्ट 2019 चा महापूर, आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. मी जनावरं हलवण्यात आठ-नऊ दिवस अडकलो. धाकट्या सरांनी उंचावरच्या एका शाळेत जमतील तेवढी पोरं गोळा केली, पण हंगामाचा आराखडा माझ्या डायरीत आणि डायरी माझ्या घरी. कुणाच्या गुडघ्याला किती ताण द्यायचा हेही त्यांना माहीत नव्हतं. एका पोराचा दुखरा गुडघा त्यातच परत सुजला. आता डायरी मैदानावरच्या पेटीत असते, दोघांच्या अक्षरात.

बाकीच्या थोडक्यात. एकाच पोराला दोघांनी पकडीच्या दोन पद्धती शिकवू नका. पालकांचे फोन एकानंच घ्यावेत. वजनाची वही आणि जन्मदाखले कुणाकडं, हे स्पर्धेच्या सकाळी विचारायची वेळ येऊ देऊ नका. धाकट्या सरांना फक्त बाटल्या भरायला आणि बॅगा सांभाळायला ठेवणार असाल, तर त्यांना सर म्हणू नका.

नवीन पोरांना एक कळकळीनं सांगायचंय. एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा कोर्स जरूर करा, चांगला आहे. पण परत आल्या महिन्यात स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावून अकादमी उघडायची, ही घाई मला बघवत नाही. 2014 ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हापासून ही घाई वाढलीय. तीन हंगाम कुणाच्या तरी हाताखाली काढा. हरल्यावर कोण जेवत नाही, कुणाच्या घरी सकाळी दूध घालून झाल्याशिवाय सरावाला येता येत नाही, हे रेषेपाशी उभं राहूनच कळतं.

आणि श्रेयाचं. नोव्हेंबर 2025 मध्ये आमच्या सांगलीची स्मृती मानधना खेळत असलेल्या भारतीय महिला क्रिकेट संघानं विश्वचषक जिंकला. मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदारांचं नाव पोरांना पाठ होतं. गोलंदाजी कोण बघत होतं, क्षेत्ररक्षण कोण, असं विचारलं तर आविष्कार साळवी आणि मुनीश बाली ही नावं एकालाही सांगता आली नाहीत. 2018 साली भारताच्या 19 वर्षांखालील मुलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक राहुल द्रविडला 50 लाख आणि बाकी सपोर्ट स्टाफला 20-20 लाख जाहीर झाले होते. हा फरक त्याला पटला नाही, त्यानं तसं सांगितलं, आणि शेवटी सगळ्यांना सारखे 25 लाख ठरले.

आमच्या स्पर्धांत लाख नसतात, फेटा आणि नारळ असतो. तो नेहमी मोठ्या सरांना, धाकटे सर खाली मॅट गुंडाळायला मदत करत असतात. म्हणून संघाची यादी देतानाच मी खाली दोन्ही नावं लिहितो आणि आयोजकांना सांगून ठेवतो, फेटे दोन लागतील.