मॉन्ट्रियलचं ऑफर लेटर आणि मार्कशीटवरचं आईचं नाव

मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव, स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असा क्रम असतो. ‘पाटील राहुल सुरेश सुनीता’ वाचून परदेशातला प्रवेश विभाग सुनीता हेच आडनाव धरतो, आणि ऑफर लेटर तसंच येतं. पासपोर्टवर अर्थातच पाटील.

हे आधी सुटू द्या, मगच पुढचा अर्ज. सहा महिन्यांहून मोठ्या कोर्ससाठी मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकच्या सरकारचं सीएक्यू (शिक्षणासाठीचं स्वीकृती प्रमाणपत्र) आधी लागतं, कॅनडाचं स्टडी परमिट त्यानंतर. मॅकगिल आणि कॉन्कॉर्डिया ही तिथली विद्यापीठं इंग्रजीत शिकवतात, तरी सीएक्यू टळत नाही.

माझ्याकडे हे काम प्रवेश विभागाला केलेल्या एका ईमेलवर भागलं. विषयात अर्ज क्रमांक. सोबत पासपोर्टचं पहिलं पान, मार्कशीट आणि ठाणे कोर्टाजवळच्या नोटरीकडून केलेलं, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं सांगणारं अ‍ॅफिडेव्हिट. ते इंग्रजीतच करा. नोटरीच्या तयार नमुन्यात बहुधा दोनच नावं बसतात. तुमच्या कागदांवर जितकी रूपं आहेत तितकी सगळी, स्पेलिंगसकट, लिहून घ्या. ‘सुरेश’ आणि ‘सुरेशचंद्र’ ही दोन रूपं धरा. ईमेलच्या मजकुरात नावाचा क्रम दोन ओळींत समजावा, जास्त पाल्हाळ नको.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून आलेलं ट्रान्सक्रिप्टचं सीलबंद पाकीट मात्र अ‍ॅफिडेव्हिट घालायला फोडू नका, प्रत वेगळी पाठवा. मराठीतल्या पासबुकाचं किंवा दाखल्याचं इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर जोडा.

आणि घरमालकाने डिपॉझिट मागितलं तर देऊ नका: क्युबेकमध्ये आगाऊ फक्त पहिल्या महिन्याचं भाडं मागता येतं.