घरून ऑडिशनचा व्हिडिओ पाठवताना

फोन आडवा, स्टँडवर, लेन्स डोळ्यांच्या रेषेत. फ्रेम छातीपासून वर. डोक्यावर चार बोटं जागा पुरे. मागे एकरंगी भिंत. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतो, म्हणून तिच्याकडे तोंड करून जरा तिरक्या उभ्या राहा. समोरच्या पात्राचे संवाद वाचणाऱ्याला लेन्सला खेटून बसवा, पण हळू आवाजात वाचायला सांगा. तो माइकजवळ असतो. त्याचाच आवाज मोठा येतो नि तुमचा सीन बुडतो.

टेक तीन, फार तर पाच. विसाव्या टेकला नुसतं पाठांतर ऐकू येतं. एक निवडा, पाठवा, फाइल डोळ्यांआड करा. उत्तर बहुतेकदा येतच नाही, नकाराचंसुद्धा. दर दहा मिनिटांनी फोन चाळत बसलात तर आधी झोप जाते, मग घरच्यांशी बोलणं तुटतं. (हे कुणी आधी सांगत नाही.)

निवडीसाठी पैसे मागणाऱ्याकडे काम नसतं. ‘टेस्ट’ म्हणून कपडे उतरवायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. गेलेला व्हिडिओ परत मिळत नाही. करारात ‘एक्सक्लुझिव्ह’ (म्हणजे काम फक्त त्यांच्यासाठीच) दिसलं की मुदत विचारा, आणि तेवढ्या काळात दुसरं कोणतं काम चालेल तेही लिहून घ्या.