जॅझ पियानो शिकताय? ट्रान्स्पोजच्या बटणाला हात लावू नका

घरात कुणी गाणारं-वाजवणारं नाही, मग जॅझ पियानो जमेल का, हा प्रश्न मला अजूनही अधूनमधून छळतो. अशा वेळी मी अमेरिकी जॅझ पियानोवादक एलिस मार्सालिस आठवतो. १९३४ साली न्यू ऑर्लीन्सला जन्म, वडील मोटेल चालवायचे. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन करत ते पियानोकडे वळले. ब्रॅनफर्ड, विंटन, डेल्फेयो आणि जेसन ही त्यांची चार मुलं जॅझमध्ये गाजली, हे सगळेच सांगतात. पण टेरेन्स ब्लँचर्ड आणि हॅरी कॉनिक ज्युनियर हे नावाजलेले जॅझ कलाकार काही त्यांच्या घरचे नव्हते. एलिस १९७४ पासून ‘नोका’ या कलाशाळेत शिकवत होते, तिथले ते विद्यार्थी. तेव्हा घराण्याची काळजी सोडा.

काळजी करा ती ट्रान्स्पोजच्या बटणाची. आपण बहुतेक जण कीबोर्डवर शिकतो. पट्टी बदलायची की बटण दाबायचं, बोटं पांढरी एकमध्येच, म्हणजे सीमध्ये. मीही यातच अडकलो होतो. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनवाल्यांना बी-फ्लॅट, ई-फ्लॅट सोयीचे, म्हणजे आपली काळी पाच, काळी दोन. खऱ्या पियानोला बटण नसतं. कानाला सगळं कळत असतं, हात मात्र गोठतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तो लागू पडतो. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही तीन कॉर्डची साखळी घ्या. डाव्या हाताने प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा सूर धरा. आधी एफ आणि सी. जी सेव्हनला एफ जागेवरच राहतो, सी अर्धा सूर उतरून बी होतो. मग बी थांबतो आणि एफ उतरून ई होतो. प्रत्येक वेळी एकच बोट हलतं. बाराही पट्ट्यांत हेच घडतं, म्हणून पाठांतर वाटतं त्यापेक्षा खूप कमी आहे. घाबरू नका.

तयार व्हॉइसिंगचे (कॉर्डचे सूर कसे मांडायचे याचे) तक्ते विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. गुरू असा शोधा जो स्वतः अजून लोकांसमोर वाजवतो. एलिस प्राध्यापक असतानाही न्यू ऑर्लीन्सच्या स्नग हार्बर या जॅझ क्लबमध्ये वाजवत होते. आणि शिकवणं म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचं काम, असं कुणी म्हणालं तर सरळ तोडा त्याला.

रोज एक पट्टी पुरे. दोन्ही सूर आधी गाऊन बघा, मग वाजवा. सुरुवात काळी पाचपासून, पांढरी एक सगळ्यात शेवटी.