पर्णछत्राखालचा प्रकाश उपग्रहप्रतिमांवरून कसा अभ्यासावा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात साग आणि ऐन यांच्या छत्राखाली किती उजेड पोहोचतो, यावर खालची कारवी, गवत आणि उगवती रोपे अवलंबून असतात. हा उजेड उपग्रहाला थेट मोजता येत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो कशावरून बांधायचा हे आधी नीट समजून घ्यावे. हिरवे पान तांबडा प्रकाश बहुतेक शोषून घेते. निकट अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा मात्र सुमारे निम्मा भाग परतवते आणि उरलेल्यातला बराचसा आरपार जाऊ देते. हा प्रकाश खालच्या झुडपांवर आदळून पुन्हा वर येतो. उपग्रह प्रत्येक प्रकारचा प्रकाश वेगळ्या पट्ट्यात नोंदवतो; त्यामुळे तांबड्या पट्ट्यात मुख्यतः शेंडे दिसतात, तर निकट अवरक्त पट्ट्यात खालच्या थरांचाही वाटा मिसळलेला असतो.

कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय संकेतस्थळावरून सेंटिनेल-२ उपग्रहांच्या एल२ए, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून टाकलेल्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. पावसाळ्यातील ढगाळ प्रतिमा सोडून द्याव्यात. एक प्रतिमा पाने भरगच्च असतानाची, म्हणजे नोव्हेंबरातील, आणि दुसरी पानगळीनंतरची, मार्च-एप्रिलमधील घ्यावी. दोन्ही एकाच कक्षामार्गावरील असाव्यात, म्हणजे पाहण्याचा कोन बदलत नाही. सूर्याची उंची मात्र बदलतेच आणि नोव्हेंबरात सावल्या लांब पडतात, म्हणून ओढ्याकाठचे सदाहरित पट्टे तुलनेसाठी राखून ठेवावेत: तिथे दिसणारा फरक बहुतांशी सूर्याचा समजावा. वेगवेगळ्या वर्षांतील त्याच महिन्यांची तुलना मला याहून भरवशाची वाटते.

आता अंकांकडे वळू, कारण बहुतेक अभ्यास इथेच बिघडतात. जानेवारी २०२२ मध्ये प्रक्रियेची पद्धत बदलल्यापासून प्रतिमेतील प्रत्येक अंकात १००० मिळवलेले असतात. ते वजा करून १०,००० ने भागल्यावरच परावर्तन मिळते. समजा, दाट रानात तांबड्या पट्ट्यातील अंक १३०० आणि निकट अवरक्त पट्ट्यातील ४००० आहे. खरे परावर्तन ०.०३ आणि ०.३० असल्याने वनस्पती निर्देशांक (निकट अवरक्त आणि तांबड्या परावर्तनांतील फरक भागिले त्यांची बेरीज) सुमारे ०.८२ येतो; वजाबाकी विसरल्यास तो सुमारे ०.५१ येतो आणि भरगच्च रान विरळ भासते.

पानगळीनंतर निर्देशांक घसरला आणि १६१० नॅनोमीटरच्या आसपासचा लघुतरंग अवरक्त पट्टा (बी११) उजळला, तर खाली वाळका पाचोळा उघडा पडला असण्याची शक्यता अधिक. वरची झाडे निष्पर्ण असूनही निकट अवरक्त टिकून राहिले, तर खाली हिरवी झुडपे असावीत. वणव्याची राख दोन्ही निष्कर्ष बिघडवते, तेव्हा जळालेले भाग आधी वगळावेत. बी११ ची विभेदनक्षमता, म्हणजे प्रतिमेतील एका चौकोनाची जमिनीवरील बाजू, २० मीटर असल्याने १० मीटरच्या पट्ट्यांशी जोडण्यापूर्वी दोन्ही एका मापात आणावेत.

शेवटची पडताळणी जमिनीवरच होते. वनविभागाची परवानगी घेऊन साधारण ३० मीटर लांब-रुंद, एकसारख्या रानाचे तुकडे निवडावेत, कारण झाडांखाली मोबाइलचे स्थान काही मीटर चुकू शकते. प्रत्येक तुकड्यात ढगाळ आकाशाखाली किंवा सूर्य वर येण्यापूर्वी छत्राचे वर रोखून फोटो घ्यावेत आणि त्यांतील मोकळ्या आकाशाचे प्रमाण काढावे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील जेडी (GEDI) हे लेसर उपकरण सुमारे २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यांत छत्राची उंची आणि पानांची उभी मांडणी सांगते. तसे ठिपके आपल्या क्षेत्रात सापडल्यास आपला अंदाज त्यांच्याशीही ताडून पाहावा.