पेन्शनचा हिशेब लिंकमध्ये भरून कसा पाठवावा

भोसरी एमआयडीसीत किंवा चाकणला काम करणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस पेन्शनबद्दल बहुधा दोनच शब्दांत विचारतो: "किती बसेल?" उत्तर म्हणून व्हॉट्सॲपवर एका आकड्याचा स्क्रीनशॉट येतो. पगार किती धरला, सेवा किती वर्षं धरली, पेन्शन कोणत्या वयापासून धरली, हे त्यात क्वचितच दिसतं आणि दिसलं तरी बदलून पाहता येत नाही. हेच आकडे वेबसाइटवरच्या पेन्शन कॅल्क्युलेटरच्या लिंकमध्ये भरून पाठवले, तर समोरच्याला आपलाच हिशेब जसाच्या तसा उघडतो आणि एखादं वर्ष पुढेमागे करून तो स्वतः ताडून पाहू शकतो.

लिंक करण्याआधी हिशेब एकदा कागदावर करा. कागदावरचा आकडा नसेल, तर लिंक बरोबर उघडली की चूक, हे कळणारच नाही.

ईपीएस 1995, म्हणजे पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना, तिचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा भागिले 70. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी. वाढीव पेन्शनचा (मर्यादेपेक्षा जास्त पगारावरच्या पेन्शनचा) पर्याय घेतला नसेल तर 1 सप्टेंबर 2014 पासून त्याची कमाल मर्यादा महिना 15,000 रुपये आहे. मासिक पेन्शनसाठी किमान 10 वर्षं सेवा लागते. नेहमीचं वय 58. नोकरी सोडली असेल तर 50 नंतर लवकर पेन्शन घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दरसाल 4 टक्के कपात होते. उलट 58 ला न घेता एक वर्ष थांबलं, तर 4 टक्के वाढ मिळते.

उदाहरणासाठी 2015 मध्ये पहिल्यांदा सदस्य झालेला कामगार घेऊ. रुजू होताना त्याचा बेसिक आणि डीए मिळून 15,000 च्या आत होता, पुढे तो मर्यादेपलीकडे गेला. 2033 मध्ये तो 58 चा होईल, तेव्हा सेवा 18 वर्षं भरेल. सप्टेंबर 2014 आधीची सेवा मुद्दाम टाळली आहे, कारण त्या काळाला 6,500 ची जुनी मर्यादा लागते आणि हिशेब दोन तुकड्यांत करावा लागतो.

58 व्या वर्षी: 15,000 गुणिले 18 भागिले 70, म्हणजे 3,857 रुपये. 57 व्या वर्षी नोकरी सोडून लगेच पेन्शन घेतली, तर सेवा 17 वर्षं आणि 4 टक्के कपात, म्हणजे 3,497. 58 नंतर वर्गणी न भरता 59 पर्यंत थांबला, तर 4,011.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की खरी चर्चा सुरू होते. 57 ला घेणाऱ्याच्या हातात वर्षभरात सुमारे 41,960 रुपये आधी येतात, पण पुढे दरमहा 360 कमी मिळतात. ही तफावत भरून निघायला सुमारे 9 वर्षं 9 महिने लागतात, म्हणजे वयाच्या 67 वर्षं 9 महिन्यांपर्यंत लवकर घेणारा पुढे असतो. त्या वर्षाचा पगार यात धरलेला नाही. 59 पर्यंत थांबणाऱ्याचं गणित आणखी कठीण आहे. सोडलेले 12 हप्ते 4 टक्क्यांच्या वाढीतून वसूल व्हायला 300 महिने, म्हणजे 25 वर्षं लागतात, पगार कितीही असो. ईपीएसमध्ये महागाईप्रमाणे वाढ नसल्याने यात पुढे फरक पडत नाही. 84 व्या वर्षी बरोबरी होते, हे घरात बसून शांतपणे बोलायला हवं. त्यासाठीच तीन लिंक लागतात.

आता लिंक. कॅल्क्युलेटर उघडून एखादी किंमत बदला, उत्तर काढा आणि ॲड्रेस बारकडे पाहा. पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे आकडे आले, तर तो लिंकमधून माहिती घेण्याची शक्यता बरीच आहे. रचना साधारण अशी दिसते:

?वय=58&पगार=15000&सेवा=18

प्रत्यक्षात नावं रोमन अक्षरांत असतात. प्रश्नचिन्हानंतर माहिती सुरू होते, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे रकान्याचं नाव, उजवीकडे किंमत, आणि दोन जोड्यांमध्ये अँडचं चिन्ह. ही लिंक तीनदा कॉपी करा आणि दुसरीत वय व सेवा 57 आणि 17, तिसरीत 59 आणि 18 करा. रकान्यांची नावं मात्र जशी आहेत तशी ठेवा. एक अक्षर चुकलं किंवा रोमन अक्षर लहानऐवजी मोठं पडलं, तरी बहुतेक कॅल्क्युलेटर तक्रार न करता स्वतःची ठरलेली किंमत वापरतात. उत्तर येतं, पण दुसऱ्याच माणसाचं.

आपल्याकडे हमखास होणाऱ्या चुका आकडे लिहिण्यात असतात. 15,000 स्वल्पविरामासह लिहिलं, तर अनेक ठिकाणी फक्त 15 वाचलं जातं आणि पेन्शन चार रुपयांच्या आत येते. मराठी कीबोर्डवरून १५००० टाकलं, तर जावास्क्रिप्टला (कॅल्क्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेला) तो आकडाच वाटत नाही. टक्क्याचं चिन्ह लिंकमध्ये सांकेतिक अक्षरांसाठी राखीव आहे, म्हणून दर नुसता 4 लिहा. मोकळी जागा सोडली, तर व्हॉट्सॲप लिंक तिथेच तोडतं. देवनागरी नाव घातलं, तर एकेका अक्षरचिन्हाची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि लिंक वाचण्यापलीकडे जाते.

तसंही नाव घालूच नका. यूएएन (पीएफचा सदस्य क्रमांक), पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक, आधार, जन्मतारीखही नको. लिंक फॉरवर्ड होते, ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहते, आणि प्रश्नचिन्हानंतरचा भाग वेबसाइटच्या सर्व्हरकडेही जातो. हॅशच्या चिन्हानंतरचा भाग तसा पाठवला जात नाही, पण पाहणाऱ्याला तो दिसतोच. वय, सेवा, पगार एवढं हिशेबाला पुरतं.

कॅल्क्युलेटर लिंकमधून आकडे घेत नसेल, तर गूगल शीट्सवर काम भागतं. प्रत्येक पर्यायाला वेगळं पान करा. पान बदललं की पत्त्याच्या शेवटचा क्रमांक बदलतो आणि त्या लिंकने नेमकं तेच पान उघडतं. शेअर करताना 'लिंक असलेलं कोणीही' निवडा आणि हक्क फक्त पाहण्याचा द्या. बदलण्याचा हक्क दिला, तर कोथरूडच्या काकांनी पगार बदलताच हिंजवडीतल्या मुलीचंही उत्तर बदलेल. ज्याला स्वतः खेळून पाहायचं आहे, त्याच्यासाठी पत्त्यातला 'एडिट' आणि त्यापुढचं सगळं काढून रोमन अक्षरांत 'कॉपी' लिहा. उघडणाऱ्याला स्वतःची प्रत करायला विचारलं जातं. त्यासाठी गूगल खातं लागतं. प्रश्नचिन्हानंतरचे आकडे शीट्स आपोआप वाचत नाही. तसं हवं असेल, तर ॲप्स स्क्रिप्ट (गूगलचं प्रोग्रामिंगचं साधन) येणाऱ्या कोणाची तरी मदत घ्यावी लागेल.

पाठवण्याआधी प्रत्येक लिंक दुसऱ्या फोनवर, इन्कॉग्निटो (साठवलेली माहिती न वापरणाऱ्या) विंडोत उघडा. आपल्या फोनवर जुनी माहिती साठवलेली असते, त्यामुळे तिथे चुकीची लिंकही बरोबर वाटू शकते. कागदावरचे 3,857 दिसले, तरच पुढे जा.

लिंक छोटी करून देणाऱ्या सेवा वापरू नका. पेन्शनच्या नावाखाली फसवणुकीचे मेसेज फिरत असताना आत काय आहे ते न दिसणारी लिंक वडीलधाऱ्यांनी उघडू नये, हेच बरोबर. पूर्ण लिंक द्या, आधी दोन ओळी लिहा, आणि लिंक वेगळ्या ओळीवर ठेवा, शेवटी पूर्णविराम न देता: "58 व्या वर्षी पेन्शन घेतली तर. पगार 15,000, सेवा 18 वर्षं, ईपीएसचा नियम, महिना 3,857 यायला हवेत."

वेतनमर्यादेचा रकाना असेल, तर तीही लिंकमध्ये लिहून टाका, आज पानावर आपोआप बरोबर दिसत असली तरी. ती उद्या बदलली आणि पान चालवणाऱ्याने ठरलेली किंमत बदलली, तर मर्यादा न लिहिलेल्या जुन्या लिंक गुपचूप नवा आकडा दाखवू लागतील, आणि मेसेजमधल्या 3,857 शी तो जुळणार नाही.